दरबानच्या बंदरावर विचारतील ते सवाल

९ जानेवारी १९२१, रविवार. नंदुरबार.

शाळेच्या जुन्या हजेरीपटात चाळीस पानं कोरी राहिली आहेत. हेडमास्तर म्हणाले, रद्दीत घाला. कोरा कागद रद्दीत घालणं मला जमत नाही, म्हणून आजपासून त्यात लिहितो आहे. लिहिण्यासारखं काही घडतं म्हणून नव्हे.

आज मात्र घडलं. दुपारी पिंजारवाड्यातला अनीस आला. आमच्या घरच्या गाद्यांचा कापूस त्याच्या बापाने पिंजलेला, एवढीच ओळख. त्याची बहीण साबिरा हिचा निका १९११ साली झाला आणि सहा महिन्यांत तिचा नवरा वाहिद आफ्रिकेत दरबान बंदराला शिवणकामावर गेला. तेव्हापासून परत आलेला नाही. आता तिथं त्याचं बस्तान बसलं आहे आणि कायद्याने त्याला एक बायको बोलावून घेता येते. वाहिद आमच्याच शाळेत चौथीपर्यंत शिकला, त्यामुळे पत्र मराठीत आहे. अक्षर वाईट, पण मजकूर सरळ.

मजकूर असा, की बोट लागली की गोरा अंमलदार नवऱ्याला एका खोलीत बसवतो आणि बायकोला दुसऱ्या. दोघांना तेच सवाल. घराला दारं किती, विहीर कुठल्या अंगाला, सासूच्या बापाचं नाव काय. जबाब जुळले तर उतरू देतात. नाही जुळले तर त्याच बोटीने परत. त्याच्या शेजाऱ्याची बायको अशीच परत पाठवली. विहिरीला रहाट आहे की नाही यावर अडलं.

अनीस म्हणाला, "मास्तर, तुम्ही पोरेसले आफ्रिका शिकाडतस. तीले बी शिकाडा."

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? मी आफ्रिका शिकवतो ती नकाशाला छडी लावून. वर सहारा, खाली केप, मध्ये हिरवा रंग. पण हो म्हटलं. घरची गेल्यापासून रविवार मोकळाच असतो.

१६ जानेवारी, रविवार

पहिला धडा. अनीसच्या ओसरीत दोरीवर गादीच्या कापडाचा पडदा टांगला आहे, त्याच्या अलीकडे मी, पलीकडे साबिराबाई. त्यांच्याकडच्या बायका परक्यापुढे येत नाहीत आणि मलाही तोंड पाहायची गरज नाही. मला जबाब हवेत. अनीस अंगणात पिंजणीवर होता. सध्या सगळ्यांना चरख्याचं वेड आहे, त्यामुळे त्याला सूत कातायला लागणाऱ्या कापसाच्या पेळूंचं काम पुष्कळ. पिंजणीच्या तातीचा आवाज सारखा चालू असतो. कापसाचे तंतू पडद्यावरून उडून माझ्या टोपीवर बसतात.

वाहिदने अकरा सवाल लिहून पाठवले होते. मी विचार करून त्याचे तेहतीस केले. वाहिद जाण्याआधी याच घरात राहायचा, म्हणून याच घराचा नकाशा काढला. दारं दोन, खिडकी एक, चूल पूर्वेच्या भिंतीला. अंगणात पूर्वी निंब होता, तो दोन वर्षांपूर्वी तोडला. इथं मी थांबलो. वाहिद गेला तेव्हा निंब होता. त्याच्या डोळ्यांपुढे तो अजून आहे. म्हणून नियम केला : घर आज आहे तसं सांगायचं नाही, तो सोडून गेला तेव्हा होतं तसं सांगायचं.

"आंगनमा झाड शे का?"

"नही... शे. निंबनं."

"नही म्हनू नका. इचार करीसन बोला."

आवाज फार कोवळा आहे. कागदावर वय सव्वीस. घाबरल्याने आवाज बारीक होत असावा.

२३ जानेवारी, रविवार

निक्याचे सवाल घेतले. जेवायला काय होतं ते बरोबर सांगितलं. मौलवी कुठून आले तेही. मग विचारलं, निका लागत होता तेव्हा तुम्ही कुठं बसला होतात?

"खाटलाखाल."

"नवरी खाटलाखाल? कसाले?"

"तठे खारकासनी परात ठेयेल व्हती."

पिंजणी थांबली. अनीस खोकला आणि बाहेरून म्हणाला, "ती माजघरमा बठेल व्हती, मास्तर. बायासमा."

मी तेच उत्तर लिहून घेतलं. सोळा वर्षांची पोर, लाजेने खाटेखाली शिरली असेल. पण अंमलदारापुढे असला जबाब चालायचा नाही, हे तिला बजावून सांगितलं.

सवाल एकोणिसावा : नवऱ्याच्या अंगावर खूण? तिला सांगता येईना. आत जाऊन आईला विचारून आली. डाव्या गुडघ्यावर भाजल्याचा डाग. नऊ वर्षांत माणूस नवऱ्याचा गुडघा विसरतो याचं मला नवल वाटलं. घरी येताना सहज स्वतःला विचारून पाहिलं. घरचीच्या हातावर गोंदण होतं. उजव्या की डाव्या, ते काही आठवेना.

२ फेब्रुवारी, बुधवार

काही नाही. चौथीला नद्या घेतल्या.

१२ फेब्रुवारी, शनिवार

खापर गावचे गुलामहुसेनशेठ बोहरी सुरतेला जाण्यासाठी दोन दिवस बैलगाडीत बसून आले आणि गाडी चुकली म्हणून धर्मशाळेत उतरले. त्यांनी दरबानला चौदा वर्षं लोखंडी सामानाचं दुकान चालवलं आहे. अनीस मला घेऊन गेला. म्हातारा बोलका आहे. त्याला कुणी ऐकणारं हवं होतं आणि मला सांगणारं. तो सांगेल ते उतरवून घेतलं.

देवी टोचून घ्याव्यात, आणि वण धरला नाही तर पुन्हा टोचून घ्याव्यात, कारण बोटीवर चढताना डाक्तर बाही वर करायला लावतो. डेकवर जागा धरताना भटारखान्याच्या जवळ धरू नये, इंजिनाच्या धुराड्याखाली तर मुळीच नाही. डाव्या-उजव्याला महत्त्व नाही, सावलीला आहे. गादी स्वतःची न्यावी. (अनीस म्हणाला, ती सोय पिंजाऱ्याच्या पोरीला सांगायला नको.) बोट हलू लागली की पहिले चार दिवस दशमी आणि लिंबू यांवर काढावेत. वांत्या सगळ्यांनाच होतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही. आंब्याची कोय, बी-बियाणं, माती लागलेलं मूळ काही नेऊ नये, बंदरावर काढून घेतात आणि उगाच संशय येतो. ट्रंकेवर नाव मोठ्या अक्षरात रंगवावं.

तिथं जूनमध्ये थंडी आणि डिसेंबरात उन्हाळा. आगगाडीचा डबा आपला वेगळा, बागेतलं बाकही वेगळं. चुकून गोऱ्याच्या बाकावर बसलं तर उठवतात, तेव्हा वाद घालू नये, उठावं. दुभाषा गुजराती बोलेल किंवा हिंदुस्थानी. विचारलं तेवढंच सांगावं. हसू नये. रडू तर नयेच, रडणाऱ्या बाईला अंमलदार दहा सवाल जास्त घालतो.

शेवटी शेठ म्हणाले, "मास्तर, ए बधुं ठीक छे. पण पहिलं वरीस कोनी तिले तिना नावथीन हाका मारी नही. तठे वळखनं कोनी नही. इतलं सांगी ठेवज्या."

हे शेवटचं मी उतरवलं, पण सवालांमध्ये ते कुठं बसत नाही. निराळ्या पानावर ठेवलं आहे.

१३ फेब्रुवारी, रविवार

साबिराबाईंनी आज पहिल्यांदा आपण होऊन काही विचारलं. नमाज आपण मावळतीकडे तोंड करून पढतो, तिकडे कुठं करायचं?

मला सांगता आलं नाही. शाळेत जाऊन नकाशा आणला आणि मक्केपासून दरबानपर्यंत दोरा ताणला. उत्तर दिशा आली, किंचित उगवतीकडे कललेली. दोनदा ताणून पाहिला. मग तिला सांगितलं, की तिथं मक्का उत्तरेला आहे. दुपारचा सूर्यही उत्तरेकडूनच जातो, सावली दक्षिणेला पडते. ध्रुव तारा दिसत नाही.

पडद्यामागून ती म्हणाली, "मंग तठे सगळंच आते फिरी जाई, नही का मास्तर?"

मी म्हटलं, दिशा त्याच असतात, आपली जागा बदलते. हे वाक्य मी तिसरीच्या वर्गाला नेहमी सांगतो.

२० फेब्रुवारी, रविवार

सवाल सव्विसावा : नवरा गेल्यावर घरात कोण वारलं?

हा सवाल मी घातलेला आहे. वाहिदच्या यादीत नव्हता. पण अंमलदाराने विचारला तर जबाब जुळायला हवा, शिवाय हे सरकारी दप्तरात आहे. १९१८ च्या मानमोडीच्या तापाच्या साथीत म्युनिसिपालिटीने आम्हा मास्तरांना मयतांच्या नोंदी लिहायला बसवलं होतं. पिंजारवाडा माझ्याकडे होता. मला अंधुक आठवलं म्हणून काल कचेरीत जाऊन पुस्तक पाहिलं. माझंच अक्षर. "अनीस पिंजारी याची बहीण." नाव नाही, वयाचा रकाना कोरा. त्यांच्यात बाईचं नाव परक्याला सांगत नाहीत आणि त्या दिवशी विचारत बसायला वेळही नव्हता. एका पानावर सतरा नोंदी आहेत.

म्हणून आज अनीसला विचारलं, वारली ती कोण? त्याने पिंजणी खाली ठेवली. म्हणाला, "लहान बहीन. अख्तरबानो."

मी लिहून घेतलं आणि पडद्याकडे वळून सवाल केला. साबिराबाई बोलेनात. मी पुन्हा विचारलं. मग जबाब फोड करून शिकवला, जसे पहिलीला शिकवतात.

"म्हना : मन्ही लहान बहीन."

"मन्ही लहान बहीन."

"अख्तरबानो."

गप्प.

"अख्तरबानो. ती मानमोडीमा मरी गयी. म्हना."

आतून आईचा आवाज आला, "ऱ्हावू द्या मास्तर, आज ऱ्हावू द्या." मी थांबलो. शोक आहे हे समजतं, पण सव्वादोन वर्षं झाली. मरण सगळ्यांच्याच घरी झालं. मीही त्याच पुस्तकात, पुढच्या पानावर, माझ्या हाताने नोंद केली आहे आणि दुसऱ्या दिवशी पिंजारवाड्यात पुढच्या नोंदी घ्यायला गेलो आहे. हात थांबला नव्हता.

२७ फेब्रुवारी, रविवार

सव्विसाव्या सवालावर अजून अडते आहे. बाकी बत्तीस चोख. आज तिने मान्य केलं आणि म्हणून दाखवलं, पण असं सावकाश, जसं विहिरीत उतरताना पायरी चाचपावी. मी सांगितलं, की बाई, हे वाक्य म्हणताना मनात काही आणायचं नाही. मी कसा पाढा म्हणतो तसं म्हणा. रोज वीस वेळा म्हणा, म्हणजे त्यातला जीव जातो.

"तुम्हना बी असाच गया का, मास्तर?" तिने विचारलं.

अनीसने तिला गप्प केलं. मला राग आला नाही. सत्ताविसावा सवाल घेतला.

१ मार्च, मंगळवार

खानेसुमारीचं कामही आमच्याच गळ्यात. गल्लीतली घरं लिहून झाली, म्हणून आज स्वतःचं लिहिलं. घर नंबर ११४. माणसे : एक. लोटन नथू शिंपी, मास्तर, वय ३४, विधुर.

७ मार्च, सोमवार

माजिस्ट्रेटसाहेबांच्या कचेरीत बोटीसाठी लागणारा ओळखीचा दाखला झाला. साबिराबाई बुरख्यात, बैलगाडीच्या पडद्याआड बसून होत्या. कारकुनाने गाडीपाशी जाऊन अंगठा घेतला. साहेबांनी विचारलं, ही बाई अमक्याची बायको साबिरा हीच, हे कोण सांगतो? भाऊ सांगतो म्हटल्यावर म्हणाले, नात्याबाहेरचा, सरकारी नोकरीतला कोणी हवा.

अनीस माझ्याकडे पाहत नव्हता. जमिनीकडे पाहत होता.

मी पुढे झालो. दोन महिने ओळखतो म्हटलं, आवाज ओळखतो, घरची सगळी माहिती जाणतो. साहेब म्हणाले, तोंड पाहिलंय? मी म्हटलं, साहेब, यांच्याकडे तसा रिवाज नाही. बुरखा वर करायला सांगणं म्हणजे आईला शिवी देणं. साहेब हसले आणि कागद पुढे सरकवला. मी सही केली, खाली हुद्दा लिहिला. बाहेर आल्यावर अनीसने माझे पाय धरले. एवढं काय त्यात? मी त्याला उठवलं. गल्लीत लोक पाहत होते.

१३ मार्च, रविवार

शेवटचा धडा. तेहतीस सवाल दोनदा घेतले, एकदा सुलटे, एकदा मधूनच. सव्विसाव्यालाही अडली नाही. पाढ्यासारखं म्हणाली. मला वाटलं, आता झालं.

उठताना तिने विचारलं, "मास्तर, हाऊ एक जबाब बदलता येवाव नही का? कोनीच मरनं नही, आसं सांगं तं?"

"नही. दप्तरमा नोंद शे. त्यासनी तपास कया तं तुम्ही खोट्या पडशात."

"व्हयी. तं मंग मरेलच सांगनं पडी."

"जे घडनं ते सांगाले काय भ्याव?"

त्यावर ती म्हणाली, "मन्हं नाव लिखाले शिकाडा." सही करता येते का हे विचारतात, म्हणून हेही मनात होतंच. पाटीवर 'साबिरा' लिहून पडद्याखालून सरकवली. तिने गिरवून परत सरकवली. अक्षर सुबक. खाली तिने 'अ' एवढंच काढलं होतं आणि ते बोटाने पुसलं होतं, पण पुरतं पुसलं गेलं नव्हतं. सराव करत असावी. मी पाटी पुसून दप्तरात टाकली.

२० मार्च, रविवार

सुरतेच्या गाडीने गेली. होळीच्या बाजाराची गर्दी, काठी गावच्या होळीला निघालेले दोन ढोलवाले फलाटावर ढोल तापवत बसलेले. अनीस मुंबईला बोटीपर्यंत पोचवणार. गादी अशी घट्ट वळून बांधली होती, की हातभर जाडीचं लाकूड वाटावं. ट्रंकेवर नाव मी रंगवलं होतं.

बायकांच्या डब्याच्या खिडकीशी जाऊन मी सूचनांची वही दिली. डेक, लिंबू, बाक, नमाजासाठी किबल्याची दिशा, सगळं त्यात आहे. नंतर आठवलं, की शेठ शेवटी म्हणाले ते निराळं पान घरीच राहिलं. त्याने फरक पडणार नाही.

बुरख्यातून ती म्हणाली, "मास्तर, मन्ही बहीननी कबरवर दगड लावतीन, तं त्यावर नाव लिखाले नका लावज्यात."

"कसाले?"

"आसंच. कोरा बरा."

दगडाचा खर्च अनीसला झेपणार नाही हे तिला कळतं, असं मी समजलो. हो म्हटलं. म्हातारी आई फलाटावर आली नव्हती. पोरीला निरोप द्यायला आई येत नाही, हे मला चमत्कारिक वाटलं. गाडी गेल्यावर शाळेत जाऊन नकाशा खुंटीला लावला. सुटी होती. पण दुसरं कुठं जायचं?

२४ एप्रिल, रविवार

काल शबे-बरात झाली. आज कबरस्तानाच्या वाटेने येताना अनीसची आई दिसली. एका कच्च्या कबरीवर लोट्याने पाणी घालत होती. मी बाहेरूनच विचारलं, "चाची, अख्तरबानोची का?"

तिने उरलेलं पाणी ओतलं आणि लोटा उपडा करून झटकला. म्हणाली, "ऊन व्हयी गयं, मास्तर. घर जा."

एव्हाना बोट पोचली असेल. मधले चार रविवार मी कुठंही गेलो नाही.

२९ मे, रविवार

पत्र आलं. अनीस शहाद्याकडे गाद्या घेऊन गेला आहे, म्हणून म्हातारी स्वतः आली, बरोबर शेजारची पोर. रोजे चालू आहेत, ओठ सुकलेले. पाणीही विचारता येत नाही. मी ओट्यावर बसून वाचलं.

वाहिदच्या हातचं आहे. बोट सतरा एप्रिलला लागली. दोघांना वेगळं बसवलं. तीस सवाल झाले, सगळे जुळले. मग अंमलदाराने अंगणातल्या झाडाचं विचारलं. साबिराने सांगितलं, निंब आहे. वाहिदने सांगितलं, निंब तोडला. अनीसने पत्रातून कळवलं होतं ना त्याला! आणि त्याने विचार केला, की बायको तर नुकतीच घरून आलेली, ती आज आहे तसंच सांगणार, तेव्हा आपणही तसंच सांगावं.

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. माझी हुशारी. तिने सहा वेळा "नही" म्हटलं होतं आणि सहा वेळा मी "शे" म्हणायला लावलं होतं.

अंमलदाराने कागद बाजूला ठेवला. दुभाषा म्हणाला, बाईला दुपारच्या बोटीवर परत चढवायचं ठरतंय. मग अंमलदाराने सहज, उठता उठता विचारलं, तुझ्या घरात कोणी वारलं का? तिने शिकवलेलं सांगितलं. माझी लहान बहीण अख्तरबानो, मानमोडीत वारली. आणि ते म्हणून झाल्यावर ती रडायला लागली. वाहिद लिहितो, भिंतीपलीकडून मला आवाज येत होता, आणि मी असं रडणं कधी ऐकलेलं नाही. खुर्चीवरून खाली बसली. दुभाषा उठून बाहेर गेला. अंमलदाराने पाणी मागवलं. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, असं कोणी खोट्या बहिणीसाठी रडत नाही, आणि शिक्का मारला.

मी वाचायचं थांबलो, कारण म्हातारी पुढे झुकून माझ्या हातातल्या कागदावर हात ठेवून बसली होती.

"मन्ही पोर जिती शे नं, मास्तर? उतरनी नं?"

"उतरनी, चाची. साबिरा उतरनी."

"साबिरा तं मानमोडीमाच गयी," ती म्हणाली. "मोठी गयी. तिनी कबर तुम्ही दखी. धाकलीना वाहिदसंगे निका लावा, चिठ्ठीवर, मौलवी बठाडीसन. ते खोटं नही. पण तठला कागदवर साबिरानंच नाव व्हतं आनि दुसरीले ते येऊ देत नहीत. मंग काय करतूत? अनीस म्हने मास्तरले सांगू. मी म्हनं, नको, तो भला मानूस, त्याले खोटं बोलता येवाव नही."

मग म्हणाली, "जिती पोरना तोंडमा तिनंच मरन घाली दिधं आम्ही. फलाटवर कसा येवू मी?"

खाटेखाली बसून खारकांची परात राखणारी नऊ वर्षांची पोर. गुडघ्यावरचा डाग माहीत नसलेली. ते सगळं इथंच, याच पानांवर, माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे. मी तिला पाढ्यासारखं म्हणायला लावलं, की ती मेली. रोज वीस वेळा.

माझी सही खोटी ठरली. सरकारी नोकराने खोटी सही केली तर काय होतं ते मला माहीत आहे. त्याची भीती वाटावी म्हणून थोडा वेळ बसून राहिलो. वाटली नाही. म्हातारी माझ्या तोंडाकडे पाहत होती. मी म्हटलं, "चाची, मी सही करी ती साबिरानी. ती उतरनी. मी काही आयकं नही." ती उठायला लागली तेव्हा म्हटलं, थांबा, पत्र संपलं नाही.

खाली तिच्या सांगण्यावरून लिहिलेल्या दोन ओळी होत्या. "अम्मीला सांगणे, दर जुम्म्याला दारात उभं राहून एकदा माझ्या नावाने हाक मारावी. इथं घरातही कुणी मारत नाही, भिंतीला कान असतात." नाव लिहिलेलं नाही. सांभाळून लिहिलंय.

म्हातारी ओट्यावरून उतरली आणि आज रविवार असूनही रस्त्यात उभी राहून तिने हाक मारली, मोठ्याने. शेजारची पोर दचकली. अख्तर! मग आणखी एकदा. नंतर पदर डोक्यावर ओढून ती गेली.

मी दार लावलं आणि तसाच जमिनीवर बसलो. दप्तरात तिच्या थोरल्या बहिणीचं नाव नाही, कारण मी विचारलं नाही. पुढच्या पानावर माझ्या हाताने लिहिलंय, "लोटन शिंपी मास्तर यांची बायको." नाव तिथंही नाही. तिथं कोणता रिवाज आड आला होता? माझ्याच घरची होती आणि नाव मला पाठ होतं. लिहिलं असतं तर हात थांबला असता, आणि अजून पुष्कळ घरं राहिली होती.

खूप रडलो. शेठ म्हणाले होते रडू नये. त्यांना काय माहीत?

आता तिन्हीसांजा झाल्या आहेत, दिवा लावायचा आहे. त्याआधी एवढं लिहून ठेवतो.

सवाल : घरात कोण वारलं?

जबाब : माझी बायको. मानमोडीत, आश्विनात, दुपारी.

सवाल : नाव?

जबाब : तुळसा.

गोंदण डाव्या हातावर होतं. भाकरी थापताना बांगड्या मागे सारायची, तेव्हा दिसायचं.